सरखेली, भाऊबंदकी आणि विजयदुर्गाचा पाडाव : तुळाजी आंग्रे यांचे चरित्र व कौटुंबिक संबंध

प्रस्तावना :

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. १८ व्या शतकात युरोपीय दर्यावर्दी त्याला 'घेरिया' या जुन्या नावाने ओळखत. १७५६ च्या फेब्रुवारी महिन्यात हा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि त्याच्या आश्रयाला असलेले आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून गेले. महाविद्यालयीन वर्गात हा प्रसंग शिकविताना किनारपट्टीवरील विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात : पेशव्यांनी आपलेच आरमार परक्यांकडून का बुडविले? यावर दोन तयार उत्तरे दिली जातात. तुळाजी आंग्रे हे उन्मत्त व बंडखोर सरदार होते, हे पहिले. नानासाहेब पेशव्यांनी वैयक्तिक आकसापोटी स्वराज्याचा दर्या इंग्रजांच्या पदरात टाकला, हे दुसरे. दोन्ही उत्तरे एकेका व्यक्तीच्या स्वभावापाशी थांबतात.

प्रस्तुत लेखात या घटनेकडे आंग्रे घराण्याच्या कौटुंबिक इतिहासातून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तुळाजी हे कान्होजी आंग्रे यांच्या सहा पुत्रांपैकी एक. त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक निर्णायक वळण भावांशी असलेल्या नात्यातून आलेले दिसते. म्हणून विजयदुर्गाच्या पाडावाची कारणे शोधताना १७५५ चा तह जितका महत्त्वाचा, तितकीच १७२९ नंतर आंग्र्यांच्या घरात झालेली वाटणीही महत्त्वाची आहे. विवेचनाच्या अखेरीस जपानमधील कुकी या दर्यावर्दी सामुराई घराण्याशी थोडक्यात तुलना केली आहे. समुद्रावर पोसलेल्या लढवय्या घराण्याचे घरातील तंट्यामुळे काय होते, हा प्रश्न केवळ कोकणापुरता नाही, हे त्यावरून लक्षात येते.

सरखेलीचे स्वरूप :

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळील आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे वडील तुकोजी आरमारी नोकरीत होते. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांनी कोकणावर चढाई केली असता सुवर्णदुर्ग राखण्याच्या कामगिरीतून कान्होजींचे नाव पुढे आले आणि पुढे 'सरखेल' म्हणजे आरमाराचे सेनापती हा किताब त्यांना प्राप्त झाला.

छत्रपतींच्या घरातच शाहू महाराज व महाराणी ताराबाई असे दोन पक्ष पडले, तेव्हा कान्होजी आरंभी ताराबाईंच्या बाजूस होते. त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी लोणावळ्याच्या परिसरात कान्होजींशी बोलणी केली आणि तह घडवून आणला. त्यानुसार कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षाला आले. बदल्यात सरखेलीचे पद, दहा मोठे किल्ले, सोळा लहान ठाणी आणि त्यांच्याखालील मुलूख त्यांच्याकडे कायम करण्यात आला.

या तहाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतला जात नाही. छत्रपतींच्या भाऊबंदकीमुळे कान्होजींना वाटाघाटीचे बळ मिळाले आणि त्या बळावर सरखेली ही एका घराण्याची दौलत झाली. शिवकाळात आरमार हे राज्याचे अंग होते. त्याचे सुभे होते, सुभेदार होते आणि खर्चाची तरतूद सरकारातून होत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही हीच धारणा दिसते. आरमाराचे सुभे करावेत, एकेका सुभ्यात पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत, सर्वांवर एक सरसुभा असावा आणि खर्चाची नेमणूक मुलुखातून करावी, असे त्यात सुचविले आहे. कान्होजींच्या काळात या सुभ्यांची जागा किल्ले, बंदरे, गोद्या, दस्तकांचे उत्पन्न व मुलुखाचा वसूल एकत्र सांभाळणाऱ्या घराण्याने घेतली.

कान्होजी हयात असेतो या व्यवस्थेतील दोष उघडा पडला नाही. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज 'कार्ताझ' देत व इंग्रजही आपापले परवाने देत. मात्र आंग्र्यांनी तेच केले की युरोपीय कागदपत्रांत त्यांची नोंद 'चाचे' अशी होई. १७२० मध्ये इंग्रजांनी आणि १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेले हल्ले निष्फळ ठरले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले.

सहा पुत्र आणि एक पद :

कान्होजींना शेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी असे सहा पुत्र होते. शेखोजी व संभाजी हे मथुराबाईंचे पुत्र होते, इतर त्यांचे सावत्र बंधू. सरखेलीचे पद मात्र एकच होते. वतनाची वाटणी करण्याचा प्रघात मराठी मुलुखात रुळलेला होता. जमिनीच्या वतनात वाटणी झाली, तरी प्रत्येक भावाच्या वाट्याचे शेत पिकतच राहते. आरमाराचे तसे नसते. सुवर्णदुर्गाची गुराब विजयदुर्गाच्या गलबतांच्या मदतीस येणार नसेल, तर दोन्ही ठिकाणची जहाजे शत्रूच्या ताफ्यापुढे अपुरी पडतात.

शेखोजी यांनी चार वर्षे घर एकत्र ठेवले. १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा समुद्राची बाजू आंग्र्यांच्या आरमारावर अवलंबून होती. मोहीम चालू असतानाच ऑगस्ट १७३३ मध्ये शेखोजी निवर्तले. भावांमध्ये एकवाक्यता उरली नाही. वर्षअखेरीस बाजीरावांना सिद्दीशी तडजोड करून परतावे लागले आणि जंजिरा पुढेही मराठ्यांच्या हाती आला नाही. भाऊबंदकीची पहिली मोठी किंमत स्वराज्याने येथे मोजली.

सरखेलीचे पद संभाजींकडे आले. ते दक्षिणेकडे राहिले आणि कुलाब्याचा कारभार त्यांनी धाकट्या भावांकडे सोपविला. या व्यवस्थेने दुखावलेल्या मानाजींनी पोर्तुगीजांचे साहाय्य मिळवून कुलाबा बळाने घेतला आणि येसाजींचे डोळे काढून त्यांना अंधत्व आणले. सत्तेच्या वारसाला कायमचे अपात्र ठरविण्याची ही रीत हिंदुस्थानातील अनेक राजघराण्यांत वापरली गेली. आंग्र्यांच्या घरात ती आली, त्याच वेळी भावांमधील समेटाची शक्यता संपली, असे म्हणावे लागते.

या काळात आंग्रे घरातील स्त्रिया व पुत्र यांचा धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी पत्रव्यवहार होता. शाहू महाराज, पेशवे व आंग्रे या तिन्ही ठिकाणी स्वामींचा शब्द मानला जाई. परंतु गुरूचा उपदेश जेथे पुरा पडला नाही, तेथे राजकीय मध्यस्थाला वाव मिळाला. १७३५ मध्ये बाजीरावांनी आंग्र्यांच्या दौलतीची विभागणी केली. संभाजींकडे सरखेली व दक्षिणेकडील किल्ले राहिले. मानाजींना कुलाबा व 'वजारतमाब' हा किताब मिळाला. या मध्यस्थीत बोरघाटाच्या बाजूचे राजमाची व कोथळा हे किल्ले पेशव्यांकडे गेले. न्याय मागावयास गेलेल्या दोन भावांच्या मालमत्तेतील काही भाग न्याय करणाराच्या पदरात पडावा, हे गावच्या वाटणीतही घडते. येथे तो भाग घाटमाथ्यावरील किल्ल्यांचा होता.

मुंबईकर इंग्रजांनीही ही फूट ओळखली. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजींच्या आरमाराने 'डर्बी' हे खजिन्याने भरलेले इंग्रजी जहाज पकडले होते. आंग्र्यांशी समोरासमोर लढण्यापेक्षा एका भावाला दुसऱ्याविरुद्ध बळ देणे स्वस्त पडते, हे इंग्रजांना त्यानंतर उमगले. कॅप्टन इंचबर्ड यांना मानाजींकडे पाठवून पैसा व युद्धसाहित्य देण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले.

तुळाजींचा उदय :

तुळाजी आरंभापासून संभाजींच्या पक्षाचे होते. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावर चढाई केली, तेव्हा मानाजींनी पेशव्यांकडे व इंग्रजांकडे मदत मागितली. चिमाजी आप्पा व तरुण नानासाहेब सैन्यासह कुलाब्याकडे आले. या लढाईत तुळाजी पेशव्यांच्या हाती सापडले. याच स्वारीत असताना बाजीरावांच्या निधनाची (२८ एप्रिल १७४०) वार्ता चिमाजी आप्पा व नानासाहेब यांना कळली. ज्या दोघांचे वैर पुढे विजयदुर्गापर्यंत पोचले, त्यांची पहिली गाठ अशी रणांगणावर, बंदिवान व विजेता या नात्याने पडली होती.

जानेवारी १७४२ मध्ये संभाजी विजयदुर्गास मृत्यू पावले आणि दक्षिणेकडील दौलत तुळाजींकडे आली. शाहू महाराजांनी त्यांना सरखेलीचे पद दिले, त्यामागे सिद्दीकडील अंजनवेल व गोवळकोट ही ठाणी त्यांनी जिंकावीत, ही अपेक्षा होती. १७४५ मध्ये तुळाजींनी अंजनवेल घेतले व त्यास गोपाळगड हे नाव दिले. गोवळकोटचे गोविंदगड झाले. तुळाजींना केवळ बंडखोर ठरविणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. छत्रपतींची आज्ञा त्यांनी पार पाडली होती आणि सिद्दीचे वासिष्ठीच्या खोऱ्यातील बळ त्यांनीच मोडले होते.

समुद्रावर त्यांचा दरारा वाढतच गेला. १७४९ मध्ये त्यांच्या आरमाराने 'रेस्टोरेशन' हे इंग्रजांचे लढाऊ जहाज पकडले आणि आपल्या ताफ्यात सामील केले. १७५४ च्या आरंभी डचांच्या तीन जहाजांचा ताफा त्यांनी उद्ध्वस्त केला. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत असलेल्या गोदीत जहाजांची बांधणी व डागडुजी होई. गुराबा, गलबते, त्यांवरील तांडेल व खलाशी यांचा हा संसार गाबीत, भंडारी, कोळी व दर्यावर्दी मुसलमान या किनाऱ्यावरील समाजांच्या कष्टांवर उभा होता. सरदारांच्या पत्रव्यवहारात त्यांची नावे क्वचितच येतात, पण सरखेलीचे बळ म्हणजे हीच माणसे.

जमिनीवर मात्र तुळाजींना मित्र उरला नव्हता. उत्तरेस मानाजी हे सख्यातून गेलेले बंधू. दक्षिणेस वाडीकर सावंतांशी वैर. मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरकर छत्रपतींकडे. घाटावर बावड्याच्या अमात्यांशी कलह. समुद्रात कितीही पराक्रम गाजविला, तरी किल्ल्याला धान्य, लाकूड व माणसे जमिनीवरूनच येतात. तुळाजींच्या शत्रूंना हे ठाऊक होते.

छत्रपतींचे चाकर की पेशव्यांचे?

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर राज्याची सूत्रे पुण्यास पेशव्यांच्या हाती गेली. या बदलाने तुळाजींची कायदेशीर स्थितीच पालटली. त्यांना सरखेली छत्रपतींनी दिली होती. त्या नात्याने पेशवे व सरखेल हे दोघेही एकाच धन्याचे चाकर होते. पेशव्यांनी खंडणी वा हिशेब मागावा आणि सरखेलाने तो द्यावा, हे तुळाजींना मान्य होणे कठीण होते. नानासाहेबांच्या दृष्टीने चित्र वेगळे होते. राज्य एकसूत्री चालवावयाचे तर किनाऱ्यावर स्वतंत्र सत्ता ठेवता येत नव्हती. शिवाय कुलाब्याच्या मानाजींनी पेशव्यांचे वर्चस्व मानले असता विजयदुर्गाने ते का मानू नये, असाही प्रश्न होता.

येथे भाऊबंदकीचा खरा परिणाम जाणवतो. आंग्र्यांचे घर एक असते, तर पेशव्यांना सरखेलाशी तडजोड करणे भाग पडले असते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी तेच केले होते. १७५५ मध्ये तशी गरज उरली नव्हती, कारण अर्धे घर आधीच पेशव्यांच्या छायेखाली आले होते.

विजयदुर्गाचा पाडाव :

कोकणातील पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए यांच्याशी बोलणी केली आणि १९ मार्च १७५५ रोजी तह झाला. संयुक्त आरमाराचे नेतृत्व इंग्रजांकडे राहावे, किल्ल्यांतील तोफा व दारूगोळा पेशव्यांना मिळावा आणि बाणकोट इंग्रजांस द्यावे, अशी त्यातील मुख्य कलमे होती. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स यांनी सुवर्णदुर्ग घेतला. ज्या किल्ल्यावर कान्होजींची कारकीर्द उदयास आली होती, तो प्रथम पडला.

पावसाळ्यानंतर विजयदुर्गाची पाळी आली. खंडोजी माणकर यांच्या हाताखालील मराठी फौजेने जमिनीची बाजू रोखली. अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन यांचे राजकीय आरमार व रॉबर्ट क्लाइव्ह यांचे सैनिक मुंबईत आलेले होते. तेही या मोहिमेवर निघाले आणि फेब्रुवारी १७५६ च्या दुसऱ्या आठवड्यात किल्ल्यासमोर पोचले. तत्पूर्वीच तुळाजी किल्ला आपल्या एका आप्ताच्या स्वाधीन करून मराठी छावणीत बोलणीसाठी गेले होते. परक्यांपेक्षा आपल्यांच्या हाती पडणे बरे, असा विचार त्यामागे असावा.

१२ फेब्रुवारीस इंग्रजी जहाजे खाडीत शिरली. एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन'वर पडला. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांस बांधून ठेवलेली होती, त्यामुळे आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात संपूर्ण ताफ्यात पसरली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी किल्ला क्लाइव्ह यांच्या हाती आला. किल्ल्यात दोनशेच्या आसपास तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. तो इंग्रजी सैन्यात व आरमारात वाटला गेला, पेशव्यांना त्यातील काहीही मिळाले नाही. किल्लाही लगेच परत केला गेला नाही. तुळाजींशी परस्पर बोलणी केल्याचा ठपका इंग्रजांनी मराठ्यांवर ठेवला. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट व त्यालगतची दहा गावे घेऊन इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला.

वॉटसन यांच्या जहाजावरील शल्यचिकित्सक एडवर्ड आइव्हज यांनी आपल्या प्रवासवृत्तात किल्ल्यातील एक प्रसंग नोंदविला आहे. तुळाजींचे कुटुंब किल्ल्यातच राहिले होते. वॉटसन त्यांना भेटावयास गेले, तेव्हा तुळाजींच्या वृद्ध मातेने सांगितले की, प्रजेला राजा उरला नाही, तिला पुत्र नाही, सुनांना पती नाही आणि लेकरांना पिता नाही. वॉटसन यांनी आपणास पिता व मित्र मानावे असे म्हणून धीर दिला. त्यावर सुमारे सहा वर्षांच्या धाकट्या मुलाने रडत त्यांचा हात धरला आणि मग तुम्हीच माझे वडील व्हा, अशा आशयाचे शब्द काढले. वृत्तांत विजेत्यांच्या बाजूचा आहे आणि त्यात सेनानीच्या औदार्याचे कौतुक आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावयास हवा. तरीही चुलते, चुलतभाऊ व मराठी राज्य हे सारे हयात असताना आंग्र्यांच्या मुलाने आधारासाठी धरलेला हात किल्ला जिंकणाऱ्या परक्याचा होता, ही वस्तुस्थिती त्यातून पुसली जात नाही.

तीस वर्षांचा बंदिवास :

तुळाजींना पुन्हा विजयदुर्ग दिसला नाही. पेशव्यांनी त्यांना निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवले. १७८६ मध्ये सातारा जिल्ह्यातील वंदन किल्ल्यावर त्यांचा अंत झाला. या तीस वर्षांत पानिपत झाले, तीन-चार पेशवे झाले, पण समुद्रावर वाढलेला हा पुरुष घाटमाथ्यावरील तटांच्या आतच राहिला. त्यांचे दोन पुत्र कैदेतून निसटले आणि मुंबईस इंग्रजांच्या आश्रयास गेले. पित्याचे आरमार जाळणाऱ्यांच्या दारी पुत्रांनी आसरा मागावा, यात व्यक्तिशः त्यांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. स्वकीयांचे दार बंद होते.

मानाजी १७५८ मध्ये वारले. कुलाब्याची शाखा पुढे ८० वर्षे टिकली, पण तिच्याही प्रत्येक पिढीत वारसाचा तंटा उभा राहिला. १८३९ मध्ये शेवटचा बालवारस मृत्यू पावला आणि दत्तकास मान्यता न देता इंग्रजांनी संस्थान खालसा केले.

विजयदुर्गास पेशव्यांनी आपला आरमारी सुभा स्थापिला. पूर्वी आंग्र्यांच्या पदरी असलेल्या धुळप घराण्यातील आनंदराव धुळप यांनी तो दीर्घकाळ सांभाळला. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी 'रेंजर' हे इंग्रजी जहाज पकडले. त्यामुळे १७५६ मध्ये मराठी आरमार संपले, हे विधान अक्षरशः खरे नाही. संपली ती संपूर्ण किनाऱ्यावर दस्तक लागू करण्याची ताकद. त्यानंतरच्या वर्षभरातच वॉटसन व क्लाइव्ह बंगालमध्ये होते आणि जून १७५७ मध्ये प्लासी झाली.

कुकी घराण्याशी तुलना :

जपानच्या ईसे उपसागराजवळील शिमा प्रांतात कुकी नावाचे दर्यावर्दी सामुराई घराणे होते. त्यातील कुकी योशिताका (१५४२–१६००) यांनी ओदा नोबुनागा यांच्या वतीने १५७८ मध्ये लोखंडी पत्र्यांनी मढविलेल्या मोठ्या जहाजांनिशी मोरी घराण्याच्या आरमाराचा ओसाकाजवळ पराभव केला. पुढे ते तोयोतोमी हिदेयोशी यांचे आरमारी सरदार झाले आणि नंतर घराण्याचे प्रमुखपद त्यांनी पुत्र मोरिताका यांना दिले. १६०० च्या सेकिगाहाराच्या संग्रामात पिता पश्चिमेकडील पक्षात, तर पुत्र तोकुगावा इएयासु यांच्या पक्षात होते. इएयासु विजयी झाले. मोरिताकांनी पित्यासाठी क्षमा मिळविली, परंतु ती कळण्यापूर्वीच योशिताकांनी आत्मबलिदान केले होते.

याहून उद्बोधक आहे तो पुढील भाग. १६३२ मध्ये मोरिताका वारल्यावर त्यांच्या पुत्रांत वारसाहक्काचा वाद झाला. १६३३ मध्ये शोगुनाच्या शासनाने घराण्याचे दोन भाग केले आणि एकास सांदा, तर दुसऱ्यास आयाबे येथे जहागीर दिली. दोन्ही ठिकाणे समुद्रापासून दूर, डोंगराळ प्रदेशातील. रक्तपात न होता एक आरमारी घराणे समुद्राला मुकले.

दोन्ही कथांतील साम्य उघड आहे. घरात तंटा होतो, तो मध्यवर्ती सत्तेपुढे जातो आणि ती सत्ता निवाडा करताना घराण्याचे समुद्राशी असलेले नाते तोडते. फरक मात्र अधिक शिकवणारा आहे. शोगुनांनी कुकींना समुद्रावरून उठविले, तेव्हा त्यांच्या किनाऱ्यावर वर्चस्व बळकाविण्यास टपलेली परकीय आरमारी सत्ता उभी नव्हती आणि निवाडा अमलात आणण्यासाठी त्यांना कोणाचे आरमार मागावे लागले नाही. नानासाहेबांकडे स्वतःचे तेवढे आरमार नव्हते. त्यांनी ते मुंबईकडून आणले आणि अंतर्गत निवाड्याची अंमलबजावणी परक्यांवर सोपविली.

निष्कर्ष :

१. आरमार ही घराण्याची दौलत झाल्यामुळे तिला वतनाच्या वाटणीचा नियम लागू झाला. आरमाराचे सामर्थ्य एकत्र असण्यात असल्याने या नियमाने ते मुळातच दुबळे केले.

२. तुळाजी आंग्रे यांना केवळ बंडखोर म्हणणे त्यांच्या अंजनवेलच्या कामगिरीशी आणि छत्रपतींच्या सनदेशी विसंगत आहे. मात्र जमिनीवरील एकही शेजारी त्यांनी जोडून ठेवला नाही, याची जबाबदारी त्यांच्यावरही येते.

३. नानासाहेबांचे एकसूत्री राज्याचे उद्दिष्ट समजण्याजोगे होते. त्यासाठी निवडलेले साधन घातक ठरले. विजयदुर्ग परत मिळाला, पण किनाऱ्यावरील वर्चस्व परत मिळाले नाही.

४. पोर्तुगीज, इंग्रज व पेशवे या तिघांनाही आंग्र्यांच्या घरात प्रवेश मिळाला तो आंग्र्यांपैकीच कोणीतरी बोलाविल्यामुळे.

विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढे सांगता येईल की, १७५६ मध्ये जळालेल्या जहाजांचे दोर १७३५ मध्येच कापले गेले होते. आपल्या भागातील जमीन-घराच्या वाटण्यांचे अनुभव घरोघरी असल्याने हा मुद्दा वर्गात समजावण्यास फारसे श्रम पडत नाहीत. किल्ल्याची सहल काढताना तटाबरोबर वाघोटन खाडीतील गोदीही दाखवावी. ज्या तांडेलांनी व खलाशांनी ती जहाजे बांधली व चालविली, त्यांना आंग्र्यांच्या कोणत्याही वाटणीत मत नव्हते. त्यांचे वंशज आजही याच किनाऱ्यावर आहेत आणि त्यांपैकी अनेक जण आपल्या वर्गांत बसतात.